वैशाखातली बर्फाची लादी

भाविकहो, संतांचा मुक्काम कुठं पडावा याला काही नियम नसतो. कुणी नदीकाठी राहिले, कुणी डोंगरात. आपले तुंबाजी महाराज राहिले ते वऱ्हाडातल्या काटेधामण्यात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, भिंतीला लागून असलेल्या चावडीत. हंगामात चहूकडं उडता कापूस, सरकीचा वास, दिवसभर यंत्राची घरघर, आणि त्यात महाराज आपले वाळल्या भोपळ्याचा तुंबा उशाला घेऊन स्वस्थ पडलेले. त्या तुंब्यावरूनच लोक त्यांना तुंबाजी म्हणू लागले. खरं नाव कुणी विचारलं तर म्हणायचे, "बाप्पा, नाव कशाला पाहिजे? भाकर असली तर वाढ."

या जिनाचे मालक गुणवंतराव देशमुख. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडाल. शिकलेले होते, टापटिपीचे होते, अडल्यानडल्याला धावून जायचे. महाराजांवर त्यांची भक्तीही होती. चावडीवर नवं छप्पर त्यांनीच घातलं. महाराजांना बसायला चांदीची फुलं ठोकलेला पाट दिला, पांघरायला काश्मिरी शाल दिली. महाराजांनी पाट एका बाळंतिणीला न्हाणीत बसायला देऊन टाकला, आणि शाल स्टेशनावर कुडकुडणाऱ्या एका भिकाऱ्याच्या अंगावर घातली. बरं, तेही गुणवंतरावांनी गिळलं. त्यांचं मागणं एकच होतं. महाराजांनी एकदा आपल्या ओसरीवर यावं, बसावं, आपल्या हातचा घास खावा.

महाराज रोज सकाळी त्यांच्या दारावरून जायचे. गुणवंतराव दारात हात जोडून उभे. आत रांगोळी काढलेली, पाट मांडलेला. महाराज त्यांच्याकडं बघून गोड हसायचे आणि पुढं निघून जायचे. कुठं? तर उकंड्याच्या झोपडीत!

उकंडा हा गुणवंतरावांच्याच जिनातला माणूस. दाभण-सुतळी घेऊन बारदानाच्या गोण्या शिवायचा. त्याच्या अंगणात गोण्यांच्या ढिगावर महाराज मांडी घालून बसायचे. उकंड्याची बायको कौतिका, तिच्या हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा मिटक्या मारत खायचे. त्याची लहान पोर शेवंती, तिच्याशी चिंचोके खेळायचे, आणि खेळात चक्क लबाडी करायचे! पोर ओरडायची, "म्हाराज, तुमी खोटे!" आणि महाराज पोट धरून हसायचे.

ते हसणं जिनाच्या भिंतीपलीकडं गुणवंतरावांच्या कानावर पडायचं, आणि त्यांच्या जिवाची नुसती काहिली व्हायची. मत्सराचं असंच असतं हो. प्रसाद वाटताना बघा, आपल्या हातावर पेढा पडला की आपण आधी शेजारच्याच्या हातावर बघतो. त्याचा मोठा तर नाही ना? आपला गोड लागतो की नाही हे नंतर.

बोलून तर दाखवता येत नाही. मालकानं आपल्याच नोकराचा हेवा करायचा म्हणजे लाजच की! मग तो हेवा थट्टेतून बाहेर पडायचा. जिनात चारचौघांत गुणवंतराव हाक मारायचे, "काय उकंडाबुवा, आज कोणतं ब्रह्मज्ञान मिळालं? गोण्या शिवता शिवता समाधी लागत नाही ना?" सगळे हसायचे. उकंडाही हसायचा. त्याला खरोखरच वाटायचं की मालक आपल्याशी प्रेमानं बोलतात. आणि तो असा हसला की गुणवंतरावांना आणखीनच मिरच्या झोंबायच्या. करणार काय!

त्या वर्षी वैशाखात गावात विषमज्वर आला. मोठी माणसं आठ-पंधरा दिवस कण्हून उठत होती, पण लहान पोरांना तो फार वाईट छळत होता. गुणवंतरावांचा एकुलता एक पद्माकर, घरातला पदू, तापानं अंथरुणाला खिळला. त्याच सुमारास उकंड्याची शेवंती आजारी पडली.

तालुक्याच्या दवाखान्यातले गोळे डॉक्टर आठवड्यातून एकदोनदा यायचे. वीस-पंचवीस गावांना हा एकच डॉक्टर. त्या काळी या तापावर नेमकं औषध नव्हतं. पातळ पेज द्या, अंग पुसा, आणि ताप डोक्यात चढून पोर बरळायला लागलं तर डोक्यावर बर्फ ठेवा, एवढंच ते सांगू शकत होते. पण वैशाखातल्या वऱ्हाडात बर्फ आणायचा कुठून? शहरात एक कारखाना होता. तिथं उन्हाळ्यात मोठमोठ्या दवाखान्यांची रांग लागलेली असायची. गुणवंतरावांनी तारा केल्या, ओळखी लावल्या, तेव्हा कुठं निरोप आला की सकाळच्या गाडीनं एक लादी पाठवतो, त्यापुढची चार दिवसांनी. आणि बर्फ गुंडाळायला जाड, दुहेरी गोणी तुम्हीच पाठवा, इथं शिल्लक नाही.

गोणी शिवायची म्हणजे उकंड्यानंच. जिनाच्या मुनीमजींनी त्याला सांगितलं. पोर आजारी असतानाही तो बिचारा बसला आणि दोन बारदानं एकात एक घालून, मध्ये लाकडाचा भुसा दाबून दाबून भरत त्यानं गोणी शिवली. शिवून होतेय तोवर महाराज आले आणि नेहमीच्या सवयीनं त्या गोणीवरच बैठक मारून बसले. उठले तेव्हा म्हणाले, "चांगली आहे रे, मऊ आहे." झालं! संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बर्फाची गोणी महाराजांच्या बैठकीची आहे. गोणी शहरात गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ घेऊन परत आली, तेव्हा स्टेशनावर बायाबापड्या तिच्यावर डोकं टेकत होत्या.

गुणवंतराव हे सगळं टांग्यात बसून बघत होते. तारा त्यांनी केल्या, खटपट त्यांनी केली, शब्द त्यांनी खर्ची घातला, आणि लोक पाया पडताहेत कशाच्या, तर उकंड्याच्या गोणीच्या! त्यांचा चेहरा आंबट झाला.

त्याच गाडीनं गोळे डॉक्टर उतरले. त्यांनी आधी पदूला तपासलं, मग उकंड्याच्या झोपडीत जाऊन शेवंतीला तपासलं, आणि परत गुणवंतरावांच्या ओसरीवर आले. लादी अजून गोणीतच होती. अंगणात उकंडा आणि कौतिका हात जोडून उभे होते.

डॉक्टर म्हणाले, "गुणवंतराव, पदूचा ताप जास्त आहे, पण तो शुद्धीवर आहे. उकंड्याच्या मुलीच्या डोक्यात ताप चढलाय, ती बरळतेय. तिला बर्फ आत्ता पाहिजे. लादीतला अर्धा भाग तिला द्या."

"आणि संध्याकाळी पदूच्या डोक्यात चढला तर?" गुणवंतरावांनी विचारलं. "अर्ध्या लादीत रात्र निघेल का? पुढची लादी चार दिवसांनी आहे."

डॉक्टरांनी तपासणीची नळी पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "चढणारच नाही असं मी सांगू शकत नाही. कोणत्या दारात आधी जायचं आणि कोणतं दार तसंच सोडून पुढं जायचं, हे मला रोज ठरवावं लागतं, गुणवंतराव. मला ते सोपं जातं असं समजू नका. पण आज विचाराल तर बर्फ आधी मुलीला."

भाविकहो, इथपर्यंत गुणवंतराव बोलले ते बापाचं बोलणं होतं. तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर आपणही तेच विचारलं असतं, आणि महाराजांनीही त्यांना त्याबद्दल कधी बोल लावला नाही. पण पुढचं जे बोलले ते बापाचं नव्हतं.

ते उकंड्याकडं वळून म्हणाले, "तुला रे कशाला पाहिजे माझा बर्फ? तुझ्याकडं महाराज आहेत ना! रोज तुझ्या घरी भाकरी मोडतात ना! सांग त्यांना, वैशाखात गारा पाडतील तुझ्या अंगणात. आमच्यासारख्या पाप्यांना आपला कारखान्यातला बर्फ."

अंगणातलं कुणी हसलं नाही. उकंडा मात्र मान खाली घालून म्हणाला, "मालक, माह्या पोरीले एक तुकडा तरी..."

"नाही म्हटलं ना!"

डॉक्टरांनी पुन्हा समजावून पाहिलं, शेवटी हात टेकले. पुढच्या गावात रोगी त्यांची वाट बघत होते. "दिवे लागायच्या आत परत येतो," म्हणून ते टांग्यात बसले.

आणि मग गुणवंतरावांनी जे केलं ना, ते मत्सरी माणूसच करू जाणे. त्यांच्या मनात आलं, ही लादी या गोणीत टिकली, पोरगं बरं झालं, तर गाव काय म्हणणार? महाराजांच्या बैठकीनं टिकली म्हणणार. उकंड्याच्या हाताला यश आलं म्हणणार. नको ते! त्यांनी गड्याला हुकूम सोडला, "काढ ती लादी बाहेर. धुऊन टाक भुसा आणि ठेव चांदीच्या घंगाळात."

गडी चाचरत म्हणाला, "मालक, भुशातून काढली का बर्फ लवकर इतळते जी."

"मला शिकवतोस? माझ्या घरात हे बारदान नको!"

त्यांना काय कळत नव्हतं? सारा जन्म बारदानात गेला त्यांचा. स्टेशन मास्तरांनीही बजावलं होतं, गोणीतून काढू नका म्हणून. सगळं कळत होतं हो, पण जळफळाटापुढं कळलेलं वळत नाही. गड्यानं लादी गोणीतून ठोकून ठोकून मोकळी केली. रिकामी गोणी अंगणात भिरकावली गेली.

उकंड्यानं ती उचलली. "मालक, हे घेऊन जाऊ का जी? ओली आहे."

"ने! पिळून पी तिला!"

उकंडा गोणी खांद्यावर टाकून झोपडीत आला. कौतिका वाटेभर तोंडात पदर कोंबून रडत होती. आत बघतात तर महाराज शेवंतीच्या बाजेपाशी बसलेले. पोर डोळे अर्धवट उघडे टाकून काहीबाही बरळत होती. अंग असं तापलेलं की ओली पट्टी ठेवताच वाळत होती.

महाराज म्हणाले, "आणलंस का?"

उकंडा खालीच बसला. "नाई म्हाराज. बर्फ मालकाकडंच राह्यला. मले हे ओली गोनी भेटली."

"ओली आहे ना? मग बसलास काय? घाल हात."

उकंड्यानं गोणीच्या तोंडातून भुशात हात घातला. खोल, पार कोपरापर्यंत. आणि त्याच्या बोटांना काहीतरी गार, टणक लागलं. बाहेर काढलं तर आवळ्याएवढा बर्फाचा खडा! लादी ठोकताना भुशात पडलेला असेल, असं त्याला वाटलं. कौतिकानं तो फडक्यात गुंडाळून पोरीच्या कपाळावर धरला. तो विरघळला. उकंड्यानं पुन्हा हात घातला. पुन्हा एक खडा. तोही विरघळला. पुन्हा एक.

उकंड्याचे डोळे मोठे झाले. "म्हाराज, अजून किती हायेत हो आत?"

"किती आहेत ते बघायला हात घालू नको," महाराज म्हणाले. "पोरीला लागेल तेव्हा घाल."

काय सांगू भाविकहो! बाहेर वैशाखाचं ऊन जमीन भाजून काढत होतं, आणि त्या कुडाच्या झोपडीत खड्यामागून खडा निघत होता. दुपारपर्यंत शेवंतीचं बरळणं थांबलं. ताप होताच, पण तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

इकडं गुणवंतरावांच्या माजघरात चांदीचं घंगाळ मोठं थाटात मांडलेलं होतं. पण चांदीला काय त्याचं! गरम वारा, माणसांची ये-जा, त्यात दर घटकेला गुणवंतराव स्वतः झाकण उघडून बघणार. लादी बघता बघता वितळली. ऊन माथ्यावर आलं तेव्हा घंगाळात ओंजळभर बर्फ तरंगत होता, आणि उन्हं कलायच्या आत नुसतं पाणी उरलं. नेमका त्याच वेळी पदूच्या डोक्यात ताप चढला.

पोर उठून बसायला लागलं. आईला ओळखेना. दाराकडं बोट दाखवून ओरडायला लागलं, "महाराज, आमच्याकडं या ना! बाबा उभे आहेत ना दारात! रोज उभे राहतात! आमच्याकडं का नाही येत तुम्ही?"

गुणवंतरावांनी कानांवर हात ठेवले. जे त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते त्या लेकरानं रोज बघून ठेवलं होतं. पोरं सगळं बघतात हो.

त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई पदूचे हात धरून बसल्या होत्या. एवढ्यात मोलकरीण धावत आली आणि सांगू लागली, "बाईसाहेब, शेवंतीच्या डोक्यावर अजूनबी बर्फ आहे जी! म्या आत्ता पाह्यला!"

"चोरला!" गुणवंतराव ताडकन उठले. "लादी काढताना अर्धी गोणीतच ठेवली असेल त्या गड्यानं. सगळे सामील आहेत त्याला!"

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "अहो, लादी तुम्ही स्वतः उभं राहून काढून घेतलीत. आता तरी..."

पण ऐकायला ते थांबलेच नाहीत. अनवाणीच तरातरा उकंड्याच्या झोपडीत शिरले. महाराज समोर बसलेत हेसुद्धा त्यांनी पाहिलं नाही. कोपऱ्यातली गोणी ओढली आणि आत हात खुपसला. इकडून चाचपडलं, तिकडून चाचपडलं. ओला भुसा! गोणी उलटी करून झटकली. भुसा आणि नुसता भुसा.

"कुठं लपवलास रे? माझं पोरगं तिकडं चाललंय, सांग कुठं लपवलास?"

उकंडा घाबरून पुढं झाला. त्यानं सांडलेला भुसा ओंजळीनं गोणीत भरला. शेवंतीच्या कपाळावरचं फडकं वाळलं होतं, म्हणून सवयीनं त्याच गोणीत हात घातला. बाहेर आला तेव्हा हातात खडा होता.

गुणवंतराव बघतच राहिले. मग ते मटकन खाली बसले. "महाराज," ते म्हणाले, "मला का नाही लागला? माझा हात एवढा का वाईट आहे?"

महाराज म्हणाले, "हात चांगला आहे, गुणवंता. पण तू तो उकंड्याकडं किती आहे ते बघायला घातलास."

गुणवंतराव हुंदके देऊन रडू लागले. "पदू बरळतोय, महाराज. माझं चुकलं. मला शिक्षा करा, पण त्याला वाचवा."

महाराजांनी उकंड्याकडं पाहिलं.

आता अवघड वेळ आली ती उकंड्यावर. कौतिका मध्येच उसळून म्हणाली, "अजी, काई देऊ नका! सकाळी तिथं हात जोडून उभी होती मी. एक तुकडा नाई देल्ला यायनं. आन आपल्या पोरीचा ताप कुठं उतरला अजून? हे कधी सरंल कोनाले ठाव!"

तिचं काय चुकलं? आईच ती. गुणवंतरावांनीही मान वर केली नाही.

उकंडा महाराजांपुढं बसला. "म्हाराज, तुमीच सांगा. देऊ का नोको? तुमी सांगान तसं करतो."

"मी नाही सांगणार," महाराज म्हणाले. "पोर तुझी आहे. उद्या काही कमी-जास्त झालं तर रडायचं तुला आहे. मी सांगून मोकळा होऊ का?"

उकंडा किती तरी वेळ शेवंतीकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. शेवटी म्हणाला, "मले भेव वाटते, म्हाराज. लय भेव वाटते. पन मालक, तुमी पदूबाबाले इथंच घेऊन या. दोघाईले एका बाजीवर निजवू. जे निंघंल ते दोघाईच्या डोक्यावर ठेवू. सरलं तं दोघाईचं सरंल."

कौतिकानं कपाळावर हात मारला. पण उठली, आणि शेवंतीला बाजेच्या एका कडेला सरकवून दुसऱ्या लेकराला जागा केली.

गुणवंतरावांनी पदूला स्वतः उचलून आणलं. गडी पुढं झाला तर त्याला बाजूला केलं. भर गावातून, तळपत्या उन्हातून, पोरगं छातीशी धरून देशमुख आपल्या नोकराच्या झोपडीकडं निघाले होते, आणि लोक दारादारांतून बघत होते. झोपडीचं दार बुटकं. त्यांना चांगलंच वाकावं लागलं. मागोमाग अन्नपूर्णाबाई आल्या.

एका बाजेवर दोन डोकी. उकंडा हात घालायचा, निघालेल्या खड्याचे दोन तुकडे करायचा, एक इकडं, एक तिकडं. महाराज उशाशी बसून पळसाच्या पानांच्या पंख्यानं वारा घालत होते. गुणवंतराव पायथ्याशी बसले होते, आणि त्यांचे डोळे पंख्यावर होते. पंखा शेवंतीकडं गेला की तिच्याकडं, पदूकडं आला की पदूकडं. जरा शेवंतीकडं जास्त रेंगाळला की त्यांच्या कपाळाला आठी!

महाराजांनी पंखा थांबवला. "अरे गुणवंता! अजून मोजतोसच का?"

गुणवंतराव इतके ओशाळले की काय सांगावं. अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. कौतिका, जी मघापासून रागानं लाल झाली होती, तिला त्या रागातच खुदकन हसू फुटलं. "काय बाई हे मालक!" ती म्हणाली, आणि मग तिचा राग कुठं गेला तो गेला.

गुणवंतरावही कसनुसं हसले. म्हणाले, "महाराज, जात नाही हो. काय करू? मेली ही सवय आतून जात नाही."

"जाईल," महाराज म्हणाले. "उकंड्याची बोटं गारठलीत. आता तू घाल हात."

गुणवंतराव दचकले. "नको महाराज. मी घातला की संपेल."

"शेवंतीच्या कपाळावरचं फडकं वाळलंय. पोरीसाठी घाल."

त्यांनी डोळे मिटले आणि हात आत सरकवला. ओला भुसा. आणखी ओला भुसा. घाम फुटला त्यांना. आणि मग, भाविकहो, बोटांना गारवा लागला! त्यांनी तो खडा बाहेर काढला तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. खड्याचे दोन तुकडे करायचेसुद्धा विसरले. तसाच अख्खा नेऊन शेवंतीच्या कपाळावर धरला.

मग त्यांनी उकंड्याला गोणीजवळ येऊच दिलं नाही. एकामागून एक खडे काढत राहिले, कधी पदूसाठी, कधी शेवंतीसाठी. कुणाला किती गेले हे पुढं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

उन्हं उतरली. आधी पदूला घाम फुटला. कपाळ ओलं झालं, श्वास संथ झाला. त्यानं आईला ओळखलं आणि बारीक आवाजात "आई, भूक लागली" म्हणाला. अन्नपूर्णाबाईंनी त्याला पोटाशी धरून हंबरडाच फोडला. मग डोळे पुसून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, चला आता. घरी नेऊन निजवू त्याला. हवेशीर आहे आपल्याकडं."

"तू ने त्याला," गुणवंतराव म्हणाले. "शेवंतीचा ताप अजून आहे. मी थांबतो."

अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. गड्याच्या मदतीनं पोराला घेऊन गेल्या.

दिवे लागायच्या वेळी गोळे डॉक्टर आले ते वाटेत पदूला तपासूनच आले. झोपडीत येऊन त्यांनी शेवंतीची नाडी धरली, गोणीकडं पाहिलं, गुणवंतरावांच्या पांढऱ्याफटक पडलेल्या बोटांकडं पाहिलं. "बर्फ तर दुपारीच संपला म्हणे," ते म्हणाले. "हा कुठून आला?" कौतिकानं महाराजांकडं हात केला. महाराजांनी उकंड्याकडं केला. उकंडा म्हणाला, "मालक काढून राह्यले जी." डॉक्टरांनी मग विचारायचं सोडून दिलं.

थोड्याच वेळानं शेवंतीच्या गळ्याशी घामाचे थेंब दिसले. ताप झरझर उतरायला लागला. पोरीनं डोळे उघडून आधी महाराजांकडं आणि मग आपल्या कपाळावर हात धरून बसलेल्या देशमुखांकडं पाहिलं, आणि पुन्हा शांत झोपून गेली.

महाराज उठले. तुंबा बगलेत मारला. "चला बाप्पा, माझं काम झालं."

गुणवंतरावांनी इतके दिवस दारात उभं राहून ज्यांची वाट पाहिली ते महाराज हाताच्या अंतरावर उभे होते. गुणवंतराव पाया पडायला म्हणून उठू लागले.

महाराजांनी पाय मागं घेतले. "बस, बस. हात काढू नको. गार आहेत तुझे हात, पोरीला बरं वाटतंय."

गुणवंतराव तसेच बसून राहिले. दोन्ही हात उकंड्याच्या लेकीच्या कपाळावर, जोडायला एकही मोकळा नव्हता. म्हणून त्यांनी बसल्या जागी नुसतं डोकं वाकवलं, पार बाजेच्या काठाला टेकेपर्यंत, आणि त्यांचे अश्रू बाजेच्या सुंभावर पडू लागले.

दारातून वाकून बाहेर पडता पडता महाराजांनी मागं वळून पाहिलं. म्हणाले, "पोचला रे, गुणवंता. नमस्कार पोचला."